अंगणांतील कृत्रिम हिरवळ : तिची निगा व दुरुस्ती

ज्यांचें बालपण मराठवाड्यांतील एखाद्या खेड्यांत गेलें आहे, त्यांस अंगण हा शब्द ऐकतांच चोपून घट्ट केलेली व शेणानें सारवलेली मातीची जमीन आठवल्यावांचून राहत नाहीं. तें अंगण एकदां केलें म्हणजे कायमचें झालें, असें कोणीहि समजत नसे. पावसाळा सरला कीं घरांतील बायका त्यांत पडलेले खळगे मुरूम घालून भरीत, चोपण्यानें चोपीत आणि वरून सारवण घालीत. आठ-पंधरा दिवसांनीं सारवणाचा हात पुन्हां फिरे. अंगण राखण्याचें हें काम इतकें नित्याचें होतें कीं, त्यास कोणी दुरुस्ती असें नांवहि देत नसे.

हल्लीं जालना शहराच्या नव्या वसाहतींतून घरापुढील मोकळ्या जागेंत प्लॅस्टिकची कृत्रिम हिरवळ अंथरण्याचा प्रघात पडत चालला आहे. ती विकणारे लोक हिला पाणी नको, कापणी नको व निगाहि नको असें सांगतात. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खरी नाहीं. त्या तिसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवल्यामुळें आमच्या घरीं काय घडलें, व पुढें ती हिरवळ आम्हीं कशी दुरुस्त केली, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही वस्तु मूळची अमेरिकेंतील. इ. स. १९६४ सालीं ऱ्होड आयलंड संस्थानांतील प्रॉव्हिडन्स शहरीं मोझेस ब्राउन नांवाच्या शाळेंत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरण्यांत आली. म्हणजे तिचा आरंभच एका शाळेंत झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९६६ सालीं ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या प्रचंड क्रीडागृहांत ती बसविली गेली. त्या छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशानें खेळाडूंचे डोळे दिपत, म्हणून तीं तावदानें रंगविण्यांत आलीं. तीं रंगवितांच आंतलें खरें गवत प्रकाशावांचून मरून गेलें, आणि कृत्रिम गवतास जागा मिळाली. त्या क्रीडागृहावरूनच तिला ॲस्ट्रोटर्फ हें नांव पडलें. आपल्या देशास तिची ओळख पटली ती हॉकीमुळें. १९७६ सालच्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्यें हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम मैदानावर झाले, आणि पूर्वीं अनेक वेळां सुवर्णपदक मिळविलेल्या आपल्या संघास तेथें सातव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें.

क्रीडांगणावरची ही वस्तु जालन्यासारख्या गांवीं घरोघरच्या अंगणांत कां आली, हें सांगण्यास फार पांडित्य नको. आपल्या जिल्ह्यांत वर्षास सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, व तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वीस फूट लांब व बारा फूट रुंद अशा लहानशा अंगणांत खरी हिरवळ लावली, आणि उन्हाळ्यांत तिला रोज अवघें पांच मिलिमीटर पाणी द्यावयाचें ठरविलें, तरी दररोज सुमारे ११० लिटर पाणी लागेल. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. २०१२-१३ च्या दुष्काळांत ज्या शहरानें टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेथें गवतास रोज ११० लिटर पाणी घालणें कोणाच्याहि मनास रुचणार नाहीं. म्हणून पाणी वांचविण्याच्या हेतूनेंच पुष्कळांनीं ही हिरवळ घेतली. आम्हीहि त्यांपैकींच एक.

सहा वर्षांपूर्वीं आमच्या घरची कूपनलिका आटली व पुढील अंगणांतील हराळी वाळून गेली. त्या वेळीं एका कंत्राटदारानें एका दिवसांत तेथें कृत्रिम हिरवळ अंथरून दिली. त्यानें जमीन वरवर खरवडली, तिजवर थोडी वाळू पसरली, हिरवळीच्या दोन पट्ट्या शेजारींशेजारीं टाकल्या, मध्यें गोंद ओतला व कडेनें खिळे ठोकले. पहिलें वर्ष आनंदांत गेलें. दुसऱ्या पावसाळ्यानंतर अंगणावर लाटा उठल्यासारख्या दिसूं लागल्या. तिसऱ्या उन्हाळ्यांत मधला सांधा उकलला. तो उकललेला सांधा आम्ही रोज पाहत होतों, आणि रविवारीं बघूं असें म्हणत होतों. अशा रीतीनें पुष्कळ रविवार गेले. शेवटीं एके दिवशीं सकाळीं आमच्या वृद्ध मातोश्रींचा पाय त्या सांध्यांत अडकला. त्या पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. ज्या हातानें त्यांनीं चाळीस वर्षें अंगण सारवलें, तो हात दीड महिना प्लास्टरमध्यें राहिला. त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. "या अंगणाकडे कोणी पाहत नव्हतें का रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें. त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच वर्षीं नाताळच्या सुटींत आम्हीं ती हिरवळ उचलून खालीं काय आहे तें पाहिलें.

येथें हिरवळीची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. कृत्रिम हिरवळ म्हणजे मुळांत एक जाड सतरंजीच होय. तिचीं पातीं पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन यांच्या तंतूंचीं असतात. तीं एका विणलेल्या कापडांत ओळीओळीनें शिवलेलीं असतात, आणि टांके सुटूं नयेत म्हणून त्या कापडाच्या पाठीस लेटेक्सचा अथवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. पाठीस ठिकठिकाणीं भोंकें ठेवलेलीं असतात. त्यांतून पावसाचें पाणी खालीं जातें. पुष्कळ ठिकाणीं पात्यांच्या बुडाशीं बारीक वाळू पसरतात. ती पात्यांस उभें धरते व सतरंजीस वजन देते. परंतु हा सारा डोलारा खालच्या जमिनीवर अवलंबून असतो. वर दिसणारा बिघाड पुष्कळदां वरचा नसतोच. त्याचें मूळ खालीं असतें. आमच्या अंगणांतहि तसेंच निघालें.

जालना जिल्ह्याची बरीचशी जमीन काळी आहे. दख्खनच्या अग्निजन्य काळ्या खडकाची दीर्घकाळ झीज होऊन ती बनली आहे. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाची चिकणमाती असते. हिचे कण अतिशय सूक्ष्म अशा पापुद्र्यांचे बनलेले असतात. पाणी मिळतांच तें त्या पापुद्र्यांच्या मध्यें शिरतें व माती फुगते. पाणी उडून जातांच ती आकसते व तिला भेगा पडतात. कापसास ही माती चांगली, कारण ती ओल धरून ठेवते. परंतु जिच्यावर कांहीं बसवावयाचें, अशा पायासाठीं ती वाईट. दर पावसाळ्यांत आमचें अंगण वर येई व दर उन्हाळ्यांत खालीं जाई. वरची सतरंजी मात्र चहूंकडून खिळलेली होती. ती ताणली जाऊन सांध्याशीं उकलावी, यांत नवल तें काय?

ज्यांस हा प्रकार डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, त्यांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंत शिक्षकांच्या देखरेखीखालीं एक सोपा प्रयोग करावा. काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनें चाळून घ्यावी. काचेच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकीं दहा घनसेंटिमीटर माती घालावी. एकांत पाणी व दुसऱ्यांत रॉकेल १०० घनसेंटिमीटरांच्या खुणेपर्यंत ओतावें, ढवळून हवेचे बुडबुडे काढावे व चोवीस तास पात्रें तशींच राहूं द्यावीं. रॉकेलांतील माती होती तेवढीच राहते. पाण्यांतील माती फुगून वर आलेली दिसते. इमारतींचा पाया घालण्यापूर्वीं स्थापत्यशास्त्रज्ञहि मातीची परीक्षा याच रीतीनें करतात.

यास्तव दुरुस्तीचा पहिला नियम असा कीं, गोंदाचा डबा हातीं घेण्यापूर्वीं पाया पाहावा. जेथें हिरवळ खचली किंवा फुगली असेल, तेथील खिळे पकडीनें हळूच उपटावे, वाळू झाडून काढावी व हिरवळ गुंडाळून बाजूस ठेवावी. आम्हीं तर सारीच उचलली. खालची काळी माती अर्धा फूट खोल खणून काढली व ती परसांतील झाडांस घातली. त्या खड्ड्यांत मुरूम दोन थरांत भरला, आणि प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो धुमसानें चांगला ठोकला. दोन्ही थर एकदम भरून वरून ठोकल्यास वरचा भाग तेवढा घट्ट होतो व खालचा पोकळ राहतो. मुरमावर खडी फोडण्याच्या ठिकाणीं मिळणारी बारीक दगडी चूर इंचभर पसरून तीहि ठोकली. हें करतांना दोरी व पाणसळ लावून घराकडून फाटकाकडे दर शंभर फुटांस एक फूट या मानानें उतार ठेवला. बारा फुटांच्या अंगणास तो सुमारे दीड इंच येतो. पाण्यास आपण वाट करून दिली नाहीं, तर तें आपली वाट स्वतः शोधतें, आणि ती बहुधा घराच्या भिंतीकडे जाते. शेवटीं, तण अडविणारें पण पाणी जाऊं देणारें कापड अंथरलें. या कामास दोन माणसांचे चार दिवस लागले.

सांधा जोडण्याचें काम कोरड्या दिवशींच करावें. ओल्या पाठीस गोंद धरत नाहीं. नाताळच्या सुमारास आपल्याकडे हवा कोरडी असते व ऊनहि सोसण्याजोगें असतें, म्हणून तो काळ उत्तम. प्रथम दोन्ही पट्ट्यांतील पात्यांचा कल एकाच दिशेस आहे, याची खातरी करून घ्यावी. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात हिरवळीवरून फिरविल्यास एका दिशेनें तो सुरळीत जातो व उलट दिशेनें अडतो. त्यावरून कल कळतो. कल निरनिराळे असल्यास सांधा कितीहि चांगला बसला, तरी लांबून एक पट्टी गडद व दुसरी फिकट दिसते. नंतर दोन्ही कडा वीतवीतभर मागें दुमडाव्या, पाठीवरची धूळ व जुना गोंद खरवडून काढावा, आणि सांध्याच्या बरोबर खालीं फूटभर रुंदीची जोडपट्टी अंथरावी. तिजवर या कामासाठीं मिळणारा पॉलियुरेथेनचा गोंद लावून दांतेरी पत्र्यानें पसरावा, व डब्यावर सांगितलेला वेळ जाऊं द्यावा. मग कडा एकमेकींजवळ आणून दाबाव्या. शिवणीच्या दोन ओळींमध्यें जेवढें अंतर असतें, तेवढेंच अंतर सांध्याशीं राहिलें पाहिजे. कडा एकमेकींवर चढल्या तर उंचवटा होतो व त्यास पाय अडतो. त्या दूर राहिल्या तर मध्यें रेघ दिसते. गोंदांत सांपडलेलीं पातीं बोटांनीं वर काढावीं, सांध्यावर वाळूच्या गोण्या ठेवाव्या, आणि चोवीस तास कोणासहि त्यावर पाय ठेवूं देऊं नये. आमच्या अंगणांत पूर्वीं जोडपट्टी घातलेलीच नव्हती. नुसत्या मातीवर गोंद ओतलेला होता.

जळून किंवा फाटून भोंक पडलें असेल, तर ठिगळ लावावें. पॉलिएथिलीन साधारणतः ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतें. दिवाळींतील फुलबाजीची ठिणगी याहून कितीतरी अधिक तप्त असते. बिघडलेल्या भागाभोंवतीं चौकोन आंखून तो शिवणीच्या दोन ओळींमधून धारदार सुरीनें कापावा. कापतांना फक्त पाठ कापली जावी. खालचें कापड कापूं नये. त्याच मापाचा तुकडा, पात्यांचा कल जुळवून, खालीं जोडपट्टी घालून चिकटवावा. येथें एक अडचण येते. नव्या तुकड्याचा रंग टवटवीत असतो व जुन्या हिरवळीचा उन्हानें विटलेला असतो, म्हणून ठिगळ लांबूनहि डोळ्यांत भरतें. यास उपाय असा कीं, बांकाखालचा किंवा कुंडीमागचा तुकडा कापून दर्शनी ठिकाणीं बसवावा, व नवा तुकडा त्या आडोशाच्या जागीं लावावा. याकरितां हिरवळ घेतांना उरलेले तुकडे टाकून न देतां छायेंत जपून ठेवावे.

जेथें सदैव वर्दळ असते, उदाहरणार्थ फाटकापासून दारापर्यंत, तेथें पातीं आडवीं पडतात. तीं मेलीं असें समजूं नये. सकाळच्या थंड वेळीं नायलॉनच्या ताठ केसांच्या ब्रशानें कलाच्या उलट दिशेनें तीं विंचरावीं. लोखंडी दंताळें किंवा तारेचा ब्रश कधींहि वापरूं नये. त्यानें टांके उपटतात. मग धुतलेली, वाळविलेली, बारीक व गोल कणांची वाळू दर चौरस मीटरास सुमारे पांच किलो या मानानें थोडीथोडी पसरून ब्रशानें पात्यांच्या बुडाशीं जिरवावी. मातीमिश्रित वाळू घातल्यास पाठीचीं भोंकें बुजतात व पावसाळ्यांत अंगणांत पाणी सांचतें.

आतां नित्याच्या निगेविषयीं. चैत्र-वैशाखांतील वाऱ्याबरोबर आपल्याकडे जी धूळ येते, ती पात्यांच्या बुडाशीं बसते. पाऊस पडला कीं तिची माती होते व तींत गवताचें बीं रुजतें. म्हणून आठवड्यांतून एकदां हिरवळ झाडावी. लव्हाळा व हराळी यांचे कोंब दिसतांच ते कोंवळे असतांनाच मुळासकट उपटावे. लव्हाळ्याचा टोंकदार कोंब कापड भेदूनहि वर येतो. घरांत कुत्रें असल्यास त्यानें घाण केलेली जागा त्याच दिवशीं पाण्यानें धुवावी, व दुर्गंधी राहिल्यास एक भाग सिरका व तीन भाग पाणी शिंपडून पुन्हां धुवावी. लोखंडी खुर्चीच्या पायांखालीं रबराचीं टोपणें घालावीं.

उष्णतेविषयीं पालकांनीं विशेष सावध राहावें. खरें गवत आपल्या पानांतून पाणी बाहेर टाकून स्वतःस थंड ठेवतें. प्लॅस्टिकला तें साधत नाहीं. हवा ४० अंशांवर असतांना उन्हांतील कृत्रिम हिरवळ ६० अंशांहूनहि अधिक तापूं शकते. अशा वेळीं लहान मुलांस तिजवर अनवाणी सोडणें म्हणजे त्यांचे पाय भाजविणें होय. आधीं आपला तळहात तिजवर टेकवून पाहावा. पांच सेकंद टेकवतां आला नाहीं, तर मुलांस घरांतच ठेवावें. पाणी शिंपडल्यानें ती थोडाच वेळ निवते. खरा उपाय सावलीचा. अंगणाच्या पश्चिमेस एक कडुनिंब लावावा, आणि तो वाढेपर्यंत उन्हाळ्यापुरतें कापड ताणावें. समोरच्या इमारतीस ऊन परतविणाऱ्या कांचा असतील, तर त्यांवरून परावर्तित झालेल्या उन्हानेंहि पातीं वितळतात. तेथेंहि आडोसा करावा.

प्रत्येक हिरवळ दुरुस्त होतेच असें मात्र नाहीं. हात चोळला असतां पात्यांचा भुगा हाताशीं आला, अथवा पाठ दुमडतांच तडकली, तर उन्हानें तिचें आयुष्य संपविलें आहे असें समजावें. अशा पाठीस गोंद धरतो, पण पाठ स्वतःच टिकत नाहीं. ठिगळाशेजारीं नवें भोंक पडतें. तिचा भुगा वाऱ्यानें व पाण्यानें शेतांत आणि नाल्यांत जातो व तेथेंच राहतो. युरोपीय संघानें २०२३ सालीं कृत्रिम मैदानांत भरावयाच्या प्लॅस्टिक-रबराच्या बारीक दाण्यांच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम केला, व तो आठ वर्षांच्या मुदतीनंतर अमलांत यावयाचा आहे. त्याचें कारणहि हेंच. पातीं, पाठ व लेप हीं निरनिराळ्या पदार्थांचीं असून एकमेकांस घट्ट चिकटलेलीं असतात, त्यामुळें त्यांचा पुनर्वापर कठीण होतो. जीर्ण हिरवळ जाळूं तर मुळींच नये. तिचा धूर विषारी असतो. म्हणून जी टिकण्यासारखी आहे ती शक्य तितकीं वर्षें टिकविणें, आणि जी संपली तिच्या जागीं पुन्हां तीच घेण्यापूर्वीं विचार करणें, हें प्रत्येक गृहस्थाचें कर्तव्य आहे. मुरूम घालून चोपलेलें अंगण व त्याच्या कडेस एक झाड, यांस फार पाणी लागत नाहीं.

आपल्या शहरास पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव निजामी अमदानींत बांधला गेला. पुढें त्यांत गाळ सांचत गेला व पाणी सांठविण्याची त्याची शक्ति कमी झाली. दुष्काळाची झळ लागल्यावर नागरिक पुढें झाले व त्यांनीं तो गाळ उपसण्याचें काम हातीं घेतलें. जो गाळ तलावांत अडचण होता, तोच शेतकऱ्यांच्या शेतांत खत झाला. तलाव असो कीं अंगण असो, बांधणाऱ्याइतकीच राखणाऱ्याचीहि त्यास गरज असते, एवढें यावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आमच्या अंगणाच्या दुरुस्तीस आतां तीन वर्षें झालीं. तीन पावसाळे त्यावरून गेले. सांधा जागच्या जागीं आहे. मातोश्रींचें मनगट बरें झालें, तरी थंडींत तें अजून दुखतें. दर रविवारीं सकाळीं त्या काठी घेऊन अंगणांत येतात, काठीच्या टोंकानें सांधा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत दाबून पाहतात, आणि कोठें उचललेला आढळल्यास आम्हांस हांक मारतात. त्या हांकेस आम्ही आतां पुढचा रविवार सांगत नाहीं.